गाव कुठलं?

विरार लोकलमध्ये दोन दिवस एकाच दारात उभे राहिले की ओळख होते, आणि ओळख झाली की प्रश्न येतोच : गाव कुठलं? समोरचा माणूस नालासोपाऱ्यात तीस वर्षे राहत असला, तरी तो नालासोपारा म्हणत नाही. संगमेश्वर म्हणतो, देवगड म्हणतो, पाटण, जौनपूर, दरभंगा म्हणतो. एखादा वसईतल्याच उमराळ्याचा, भुईगावचा किंवा नंदाखालचा निघाला तर तो सांगतो, ‘आम्ही इथलेच.’ त्या ‘इथलेच’मध्ये अभिमान असतो, आणि हल्ली थोडी तक्रारही.

हा प्रश्न वाईट नाही. महाराष्ट्रात तो आपुलकीने विचारला जातो. गावावरून नाते निघते, नात्यावरून मदत निघते. पण गेल्या काही वर्षांत वसईत तो दुसऱ्या स्वरातही ऐकू येतो. सोसायटीच्या सभेत, भाड्याचे घर दाखवणाऱ्या एजंटाच्या तोंडी, रेशन दुकानाच्या रांगेत. तिथे ‘गाव कुठलं’ याचा अर्थ असतो, ‘तुझा इथे काय हक्क?’ या दुसऱ्या स्वराबद्दल मला लिहायचे आहे. कारण माणसे का येतात, कशातून येतात आणि आल्यावर त्यांचे काय होते, हे मुलांना आणि मोठ्यांनाही शिकवण्याची गरज असेल तर ती वसई-विरारइतकी दुसरीकडे क्वचितच असेल. आणि ते शिकवायला लागणारे सगळे साहित्य याच किनाऱ्यावर पडलेले आहे.

सोपाऱ्यापासूनच सुरुवात करू. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप उकरला. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा इथे मिळाला, पुढे १९५६ मध्ये भुईगावला नवव्या लेखाचा मिळाला. मगधाच्या राजाची आज्ञा प्राकृतात कोरून इथे लावावी लागली, कारण हे मोठे बंदर होते. अरबस्तान, आफ्रिका, रोमच्या व्यापाऱ्यांना ठाऊक असलेले. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगिजांना दिली. दोनशे वर्षे ते राहिले. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला. शाळेतला इतिहास इथे विजयाच्या तोफांवर संपतो. पण किल्ला पडला त्या आठवड्यात पोर्तुगीज कुटुंबे गाठोडी बांधून गलबतांवर चढली, आणि ख्रिस्ती झालेली इथली शेतकरी, कोळी, कारागीर माणसे मात्र मागे राहिली. त्यांना जायला दुसरा देश नव्हता. ती इथलीच होती. सामवेदी कुपारी आपली बोली बोलत राहिले, वाडवळ आपली, कोळी आपली. केळी, पानमळे आणि मासळी यांच्यावर संसार चालत राहिले.

नंतरची भर सगळ्यांना आठवते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगावच मोडले. परळ-लालबागच्या खोल्या विकून कोकणी, घाटावरची कुटुंबे विरार-नालासोपाऱ्यात आली. मागोमाग उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, बंगाल. ३ जुलै २००९ ला चार नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजार भरली. आज सकाळी आठ वाजता नालासोपाऱ्याच्या पुलावर उभे राहिले तर तो आकडा जुना झाला आहे हे सांगायला जनगणना लागत नाही.

‘इथलेच’ म्हणणाऱ्यांची तक्रार खोटी नाही. बावखले, म्हणजे छोटी तळी, बुजली, विहिरींचे पाणी टँकरने उपसून इमारतींना गेले, वाड्या बिनशेती झाल्या. हरित वसई संरक्षण समितीचा लढा उभा राहिला तो यातूनच. गावे महापालिकेतून वगळा म्हणून लोक रस्त्यावर उतरले तेही यातून. पण त्या लढ्यातली एक गोष्ट नीट पाहायला हवी. पाणी बिल्डरने नेले, परवानगी कुणीतरी दिली, आणि राग निघाला तो तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या माणसावर. तो तर स्वतःच टँकरची वाट पाहत बसलेला असतो.

हरित वसईच्या लढ्याचे नेते फादर फ्रान्सिस दिब्रिटो नंदाखालचे. ‘सुवार्ता’चे संपादक, ‘सुबोध बायबल’चे लेखक, आयुष्यभर मराठीत लिहिलेला माणूस. २०१९ मध्ये ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हा त्यांच्या धर्मावरून विरोध झाला, धमक्यांचे फोनही आले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला संमेलन झाले आणि त्यांनी अध्यक्षपद भूषवले. पण वसईच्या मातीत शेकडो वर्षे मुळे असलेल्या माणसालाही कुणीतरी ‘गाव कुठलं’ हे दुसऱ्या स्वरात विचारू शकते, हे त्या वेळी दिसले. जुलै २०२४ मध्ये फादर गेले. वसईच्या शाळांतून त्यांच्याबद्दल शिकवताना हिरव्या वसईबरोबर हा प्रसंगही सांगितला गेला पाहिजे. आज ‘इथला’ असलेला उद्या कुणाच्या तरी लेखी ‘तिथला’ होऊ शकतो, हे मुलांना दुसऱ्या कुठल्या धड्यातून इतके जवळून कळणार नाही.

आता डहाणू लोकल पकडून उत्तरेला जाऊ. घोलवड-बोर्डीच्या मागे बारोट नावाचा डोंगर आहे, आपल्याच पालघर जिल्ह्यात. वर कातळात कोरलेल्या गुहा आहेत. इराणातून धर्म वाचवण्यासाठी निघालेले झरतुष्ट्री लोक संजाणला उतरले, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. संजाण आज गुजरातेत, घोलवडहून थोडेच पुढे. पुढे कित्येक शतकांनी संजाणवर सुलतानी फौज आली, गाव पडले, आणि धर्मगुरू आपला पवित्र अग्नी, इराणशाह, घेऊन याच बारोटच्या गुहांत लपले. परंपरा सांगते की बारा वर्षे तो अग्नी इथे जळत होता. नंतर तो वांसद्याला गेला, मग नवसारीला, आणि १७४२ पासून उदवाड्याला आहे. आश्रयाला आलेली माणसे पुन्हा एकदा निर्वासित झाली ती इथे, आपल्या जिल्ह्यात.

पारशांच्या आगमनाची जी गोष्ट आपण मुलांना सांगतो ती दुधात साखरेची. राजाने काठोकाठ भरलेला दुधाचा पेला पाठवला, धर्मगुरूने त्यात साखर विरघळवून परत दिला. गोड गोष्ट आहे. पण १६०० च्या सुमारास नवसारीच्या बहमन कैकोबादने लिहिलेल्या ‘किस्सा-इ-संजाण’मध्ये ती नाही. त्यात आहे ते अधिक कामाचे आहे. जादी राणा नावाचा राजा आलेल्यांचा वेश आणि शस्त्रे पाहून घाबरतो. तो त्यांना विचारतो, तुमचा धर्म काय, तो समजावून सांगा. मग अटी घालतो : इथली भाषा बोला, बायकांनी इथला पोशाख करावा, शस्त्रे खाली ठेवा, लग्ने संध्याकाळी लावा. धर्मगुरू आपला धर्म समजावून सांगतो, अटी मान्य होतात, जागा मिळते.

साखरेच्या गोष्टीत पाहुण्याची हुशारी आहे. किश्शातल्या गोष्टीत यजमानाची भीती आहे, आणि ती लपवलेली नाही. राजाला भीती वाटली म्हणून त्याने प्रश्न विचारले, आणि उत्तरे पूर्ण ऐकून घेतली. आज जगात आश्रय मागणाऱ्याची मुलाखत घेतात तीही थोडीफार अशीच असते : कोण, कुठून, कशाला घाबरून आलात, परत गेलात तर काय होईल? अटी कडक होत्या, आजच्या कसोटीला त्यातल्या काही टिकणार नाहीत. पण राजाने धर्म सोडायला सांगितले नाही. वसईतल्या एखाद्या आठवीच्या वर्गात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून मुलांना विचारावे, तुम्ही राजा असता तर काय विचारले असते? या एका प्रश्नावर तास पुरणार नाही.

आणखी एक गोष्ट या डोंगराने शिकवावी. पायथ्याशी आज वारली पाडे आहेत. बारा वर्षे डोंगरात अग्नी जळत राहतो, त्याला लाकूड लागते, माणसांना धान्य-पाणी लागते. हे आसपासच्या वस्तीला कळलेच नाही असे होणे शक्य वाटत नाही. कुणीतरी पाहिले असेल आणि फितूर झाले नसेल. त्यांची नोंद कुठे नाही, पण मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. याच पट्ट्यात नंतर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि पुढे, इराणातून दुसरी लाट आली. यझ्द-केरमानकडचे गरीब झरतुष्ट्री, कजार राजवटीतल्या छळाला आणि उपासमारीला कंटाळलेले. तिथे त्यांच्यावरचा जिझिया १८८२ मध्ये उठला, तोही मुंबईच्या पारशांनी पाठवलेल्या माणेकजी लिमजी हातरिया यांच्या अनेक वर्षांच्या खटपटीमुळे. त्या इराण्यांनी डहाणू-घोलवडला चिकूच्या वाड्या लावल्या. चिकूचे झाडही मूळचे मध्य अमेरिकेचे. २०१६ मध्ये घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे सरकारी शिक्क्यानिशी तो ‘इथलाच’ झाला.

महाराष्ट्राने निर्वासितांना ठेवून घेतल्याची सर्वांत मोठी आधुनिक गोष्ट मात्र कोल्हापूरजवळ घडली. १९४० मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधून लाखो माणसे मालगाड्यांत भरून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेली. १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर करार झाला, त्यांना सोडले गेले, आणि उपाशी, टायफसने पोखरलेले लोंढे इराणमार्गे बाहेर पडले. त्यांतली काही अनाथ मुले जामनगरच्या जाम साहेब दिग्विजयसिंहांनी बालाचडीला ठेवून घेतली. आणि १९४३ मध्ये कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावात छावणी उभी राहिली, तिथे सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहिली. बहुतेक बायका आणि मुले. कौलारू बराकी, त्यांच्या पुढे फुलझाडे, पोलिश शाळा, चर्च, नाटके, बालवीरांची पथके. खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारने दिला. युद्ध संपल्यावर त्यांचे गाव त्यांचे राहिलेच नव्हते. सीमा हलल्या होत्या. १९४८ पर्यंत ते ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे पांगले. एक मुलगी कोल्हापुरातच लग्न करून राहिली, कोल्हापूरची सून झाली.

यापुढचा भाग फार कमी लोक सांगतात. बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबे तिथे वसवली गेली. ते आजचे गांधीनगर, कोल्हापूरची कापडाची मोठी बाजारपेठ. ज्या भिंतींनी स्टालिनपासून पळालेल्यांना सावली दिली, त्यांनीच फाळणीने उखडलेल्यांना दिली. आपल्याकडे कल्याणच्या लष्करी छावणीत हेच झाले आणि १९४९ मध्ये उल्हासनगर नाव पडले. आज तिथल्या दुकानदाराला कुणी निर्वासित म्हणत नाही. पंच्याहत्तर वर्षांपूर्वी त्याच्या आजोबांनी छावणीत काढलेल्या रात्री त्याच्या घरात तरी सांगितल्या जातात का, मला शंका आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सात कोल्हापूरच्या नावाच्या स्मारकाला पुष्पचक्र वाहिले, तेव्हा आपल्या वाहिन्यांनी अभिमानाने दाखवले. तो अभिमान रास्त आहे. पण अभिमान दाखवणाऱ्या देशाचा कायदा आज आश्रय मागणाऱ्याकडे कसा पाहतो?

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या पुरवणी करारावरही नाही. निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. १९४६ चा परकीय नागरिक कायदा होता, त्याच्या जागी १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा आला. पासपोर्ट-व्हिसाविना सापडलेला माणूस पोट भरायला आला की जीव वाचवायला, हा फरक त्यात ठळक नाही. आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच. तिबेटी आणि श्रीलंकेच्या तमिळांची नोंद सरकार करते. आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगाव-प्रतापगडजवळ १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. अफगाण, म्यानमारी, सोमाली अशा बाकीच्यांना दिल्लीला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाकडे जावे लागते. तिथले कार्ड मिळायला वर्षे जातात आणि त्या कार्डावर नोकरीचा हक्क नसतो. २०१९ च्या दुरुस्तीने तीन शेजारी देशांतल्या सहा धर्मांच्या लोकांना नागरिकत्वाची वाट दिली, पारशीही त्यात आहेत. पण जिवाची भीती धर्म विचारून येत नाही, आणि आश्रयाची कसोटी धर्म असू नये असे माझे मत आहे. न्यायालयांनी काही दारे उघडी ठेवली आहेत. चकमांच्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की जगण्याचा हक्क नागरिक नसलेल्यालाही आहे.

नालासोपारा पूर्वेला हा कायदा रोजच्या जगण्यात उतरतो. तिथे आफ्रिकी माणसे भाड्याने राहतात. कुणी कपड्याचा व्यापार करतो, कुणाचा व्हिसा संपलेला असतो, कुणी अमली पदार्थांच्या गुन्ह्यात पकडला गेलेला असतो. या अटका खऱ्या आहेत, त्या नाकारून काही साधत नाही. पण घाना, युगांडा, कॅमेरून, सगळ्यांना ‘नायजेरियन’ म्हणून मोकळे होणे आणि एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्या मजल्याला घर नाकारणे, यात पोलिसांचे काम आपण आपल्या अंगावर घेतो आणि ते वाईट करतो. घरमालकाने करायचे काम कायद्याने नेमून दिले आहे : परकीय भाडेकरू आला की चोवीस तासांत ठरलेला फॉर्म भरायचा. तो भरा आणि मग माणसाशी शेजाऱ्यासारखे वागा. याच किनाऱ्यावरच्या शाळांत आपण मलिक अंबर शिकतो. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा वजीर झालेला, गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणणारा. त्याचे चित्र पुस्तकात, आणि त्याच्या खंडातला माणूस लिफ्टमध्ये आला की आपण बाहेर थांबतो.

कागदावर भरवसा ठेवून माणसाचे ऐकायचे नाही असे ठरले की काय होते, हे २०२५ च्या जूनमध्ये खाडीपलीकडे दिसले. मिरा रोड भागातून बांगलादेशी म्हणून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपार ढकलण्यात आले. ते भारतीय असल्याचे स्पष्ट झाल्यावर त्यांना परत आणावे लागले. पोलीस आयुक्तालय वसई-विरारचे आणि तिथले एकच. अशा वेळी गवंड्याचा बंगाली उच्चार हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरतो. उल्हासनगरच्या सिंधी आजोबांना कुणी असे ऐकून परत पाठवले असते तर?

आणि आपल्याच देशात परके होणे काय असते ते वसईने मे २०२० मध्ये, टाळेबंदीत, पाहिले. सनसिटीच्या मैदानावर हजारो माणसे उन्हात रांगा लावून उभी होती, गावी जाणाऱ्या श्रमिक गाडीत जागा मिळावी म्हणून. २१ मेला वसई रोडहून गोरखपूरला निघालेली गाडी २३ तारखेला ओडिशातल्या राऊरकेलाला पोचली. मार्गावर गर्दी होती म्हणून गाडी वळवली, असे रेल्वेने सांगितले. गाडीतल्या माणसांना ते कुणी सांगितले नव्हते. ती माणसे निर्वासित नव्हती, परदेशी नव्हती. त्यांच्या हातात आधार कार्ड होते, आणि तरी आपण कुठे नेले जातो आहोत हे विचारण्याची सोय त्यांना नव्हती. त्यांतले बरेच जण परत आले. त्यांनीच पुन्हा आपल्या इमारतींना प्लास्टर केले.

२०२४ च्या अखेरीस जगभर १२ कोटी ३२ लाख माणसे युद्ध, छळ, हिंसा यांमुळे घराबाहेर होती. त्यांतली ७ कोटी ३५ लाख आपल्याच देशात विस्थापित होती. श्रीमंत देशांच्या वेशीवरची गर्दी आपण दूरचित्रवाणीवर पाहतो, पण बहुतेकांना सीमासुद्धा ओलांडता येत नाही. वसईकरांना हे समजावून सांगायला दूर जावे लागू नये. इथली मुले आखातात आहेत, कॅनडात, इस्रायलमध्ये रुग्णसेवेत आहेत. तिथे आखाती शेख किंवा कॅनडातला घरमालक ‘गाव कुठलं’ कुठल्या स्वरात विचारतो, याची उत्तरे वसईच्या घराघरांत फोनवर येतात. ती एकत्र बसून ऐकली पाहिजेत, चर्चच्या धर्मग्रामात, वाचनालयात, सोसायटीच्या गच्चीवर. आधी इथल्या घरातल्या माणसाने सांगायचे, मग भाडेकरूने.

जिल्ह्याचे स्वतःचे स्थलांतरही दरवर्षी होते. भात कापून झाले की जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची कातकरी, वारली, ठाकर कुटुंबे टेम्पोत भांडी, कोंबड्या, मुले घालून वीटभट्ट्यांवर निघतात. वसई, भिवंडी, शहापूर. बयाणा आधीच घेतलेला असतो, सणासाठी किंवा आजारपणासाठी, आणि तो फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही. बारोटच्या पायथ्याच्या माणसांचे हे नातलग. ते कुठल्या सीमेपलीकडून आलेले नाहीत, ते फार लांबूनही आलेले नाहीत. तरी भट्टीशेजारच्या झोपडीत राहणाऱ्या मुलीला जवळच्या जिल्हा परिषद शाळेत पाठवायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो, दाखला आहे का?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात याचे उत्तर लिहिलेले आहे. शाळा सोडल्याचा दाखला नाही किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोयही आहे, ते दाखवले की नव्या शाळेने त्या मुलाला वर्गात बसवायचे. वसई तालुक्यातल्या कुठल्याही शाळा व्यवस्थापन समितीला आणि वाचनालयाला काही करायचे असेल, तर ते नोव्हेंबरात आपल्या हद्दीतल्या भट्ट्यांवर जाऊन मुलांची यादी करू शकतात. यादीत नाव, आईचे नाव, पाडा, कुठली इयत्ता सुटली, आणि केव्हा परत जाणार, एवढे लिहावे. गाव कुठलं हे विचारावे लागेलच. विचारताना जमिनीवर बसावे, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत वही मिटू नये.